चालत्या चित्रांचे अडखळणे

निगडीकडून देहूच्या वाटेला लागले की मध्ये तळवडे लागते. एकेकाळचे हे शेतकऱ्यांचे गाव आज पिंपरी-चिंचवडच्या पोटात गेले आहे. एका अंगाला लेथ मशिनांच्या शेडी, दुसऱ्या अंगाला संगणकवाल्यांच्या काचेच्या इमारती आणि पलीकडे इंद्रायणी, असा त्याचा आजचा थाट. अशा गावात लग्न म्हटले की मांडवाआधी चित्रीकरणवाला ठरतो. लग्नानंतर महिना-दीड महिन्याने त्याच्याकडून चित्रफीत येते, सारे घर टीव्हीपुढे गोळा होते, आणि वरात पडद्यावर आली की कोणीतरी आजीबाई विचारतात, “काय गं, घोडा लंगडा होता का?”

घोडा धडधाकट असतो. लंगडत असते ते चित्र. पावलापावलाला ते किंचित अडखळते, मध्येच दचकते. आणि अंतरपाट दूर होऊन अक्षता पडू लागल्या की नेमक्या त्या क्षणी नवरानवरीचे चेहरे फरशीच्या तुकड्यांसारखे चौकोनी होतात. चित्रीकरणवाला म्हणतो, “आमच्या संगणकावर झकास दिसत होते, एक्सपोर्ट करताना काहीतरी झाले.” त्याचे म्हणणे बहुधा खरेही असते. परंतु हे “काहीतरी” काल-परवाचे नव्हे. चालते चित्र एका जागी तयार करायचे आणि दुसऱ्या जागी पाठवायचे, हा उद्योग सुरू झाला त्या दिवसापासून ते आपल्या मागे लागले आहे. आणि त्याच्या इतिहासातली काही उत्तम पाने मराठी घरांत लिहिली गेली आहेत.

मुळात चालते चित्र चालत नसते, ही गोष्ट आपण विसरून जातो. पडद्यावर एकामागून एक स्थिर चित्रे येतात, एवढेच. त्यांतून हालचाल घडवतो तो आपला मेंदू. डोळ्यात चित्र क्षणभर रेंगाळते म्हणून हे घडते, असे पूर्वी शाळेत शिकवीत. ते स्पष्टीकरण आता अपुरे मानले जाते. पण मेंदूची एक अट मात्र पक्की आहे. चित्रे सारख्या अंतराने यायला हवीत. तबल्याचा ठेका जसा एखादी मात्रा खाल्ली की जाणकारालाच काय, मांडवातल्या आचाऱ्यालाही खटकतो, तसेच हे आहे. एक चित्र गळाले, एक दोनदा आले, की डोळा ठेच खातो.

ल्युमिएर बंधूंनी १८९५ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये आपला पहिला जाहीर खेळ केला आणि ७ जुलै १८९६ रोजी त्यांची चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. त्यांच्या यंत्रात फिल्म पुढे ओढणारा आकडा होता. तो सुचला शिलाईच्या मशिनवरून. कापड सुईखाली जसे क्षणभर थांबते आणि पुन्हा सरकते, तशीच फिल्म भिंगामागे थांबायची आणि सरकायची. दांडा हाताने फिरवायचा, सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात आठ चित्रे; म्हणजे सेकंदाला सोळा. सारा हिशेब माणसाच्या मनगटावर.

मुंबईतला तो चमत्कार पाहिलेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर उर्फ सावेदादा हे छायाचित्रकार होते. त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले. रँग्लर परांजपे केंब्रिज गाजवून १९०१ च्या अखेरीस परत आले, तो स्वागतसमारंभही सावेदादांनी टिपला. कुस्तीची ती फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली होती. पुढे दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी कॉरोनेशनमध्ये लागला, त्याचीही फिल्म लंडनहूनच धुऊन आली. आपल्या पैलवानाने मुंबईत मारलेला डाव कसा दिसला, हे कळायला बोटीची वाट पाहायची! चूक कळेपर्यंत मैदान रिकामे झालेले असे.

दादासाहेब फाळक्यांचे मोठेपण सांगताना ‘राजा हरिश्चंद्र’ हा पहिला चित्रपट, एवढे सांगून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखकाला त्यांचे खरे मोठेपण दुसऱ्याच गोष्टीत दिसते. चित्र बिघडले तर ते कुठे बिघडले, हे घरच्या घरी शोधता यावे, अशी सोय त्यांनी केली. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, वॉल्टन येथे सेसिल हेपवर्थ यांचा कारखाना पाहिला, विल्यमसन कॅमेरा घेतला आणि त्याबरोबर फिल्मला भोके पाडण्याचे यंत्रही घेतले. त्या काळी कच्ची फिल्म भोकांवाचून येई. दादरच्या घरात, अंधारात बसून, ती भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई करीत. दिवसभर चित्रपटाच्या मंडळींचा स्वयंपाक आणि रात्री हे.

हे काम किती नाजूक होते, ते थोड्या गणिताने कळेल. फिल्मवरचे चित्र जेमतेम २४ मिलिमीटर रुंद. पडदा ६ मीटर धरला तर ते अडीचशे पटींनी मोठे होते. भोक एक दशांश मिलिमीटरने सरकले, की पडद्यावरचा राजा २५ मिलिमीटर उडी मारतो. एका चित्राला प्रत्येक बाजूस चार भोके, एका फुटात सोळा चित्रे. सरस्वतीबाईंचा हात चुकला असता तर हरिश्चंद्राचे सत्त्व राहिले असते, पण सिंहासन थरथरले असते. पुढे आपण ‘पडद्याआडचे कलाकार’ म्हणून कित्येकांचे सत्कार केले. त्यांत या बाईंचे नाव फार उशिरा आले.

चित्रपटाआधी फाळक्यांनी एक छोटे काम केले होते. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून त्याची वाढ रोज थोडीथोडी टिपली आणि महिन्याभराची वाढ थोडक्या वेळात दाखवली. ती पाहूनच भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. चित्रे घेण्याचा वेग आणि दाखवण्याचा वेग या दोन निराळ्या गोष्टी आहेत, त्यांच्यातले नाते बदलले की काळच बदलतो, हे मर्म फाळक्यांनी त्या कुंडीत दाखवून दिले होते. आजच्या लग्नाच्या फितीतले निम्मे दोष हेच मर्म विसरल्यामुळे होतात.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशनमध्ये लोकांसाठी लागला. त्याची लांबी ३,७०० फूट सांगतात. तो किती वेळ चालत असे? कोणी चाळीस मिनिटे लिहितो, कोणी तासभर; आणि वाचकाला वाटते, यांपैकी एकजण चुकला. आता हिशेब करू. ३,७०० फुटांत ५९,२०० चित्रे. ती सेकंदाला सोळाच्या वेगाने दाखवली तर एक तास पावणेदोन मिनिटे लागतात; चोवीसच्या वेगाने दाखवली तर एकेचाळीस मिनिटे. चित्रपट तोच, फूट तेवढेच. फरक यंत्राच्या वेगाचा. आणि हा वेगही काही शिलालेख नव्हता. त्र्यंबक तेलंग कॅमेऱ्याचा दांडा फिरवीत, त्यांचे मनगट उन्हात थकणार. थिएटरातल्या ऑपरेटरला शेवटचा खेळ लवकर उरकून घर गाठायचे असणार. सारे मूकपट कमी-अधिक असेच चालले, इथले आणि विलायतेतलेही.

याचा एक दुष्परिणाम अजून आपल्या डोळ्यांवर बसलेला आहे. हळू वेगाने टिपलेली ती चित्रे नंतरच्या वेगवान यंत्रांवर चढवली गेली आणि आपले आजे-पणजे पडद्यावर तुरुतुरु पळू लागले. सभेला आलेली भारदस्त माणसे नमस्कार करतात ती डास मारल्यासारखी. नवी पिढी हसते. महात्माजी खरोखरच झपझप चालत, ही गोष्ट निराळी. पण जुन्या फितींतले सगळेच पुढारी काही दांडीला निघाले नव्हते. एका पिढीची चालच हास्यास्पद करून पुढच्या पिढीच्या हाती दिली गेली. याला केवळ तांत्रिक दोष म्हणून सोडून द्यायला मन धजत नाही.

कोल्हापुरात याच सुमारास दुसरा प्रयोग चालू होता. बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी कॅमेरा विकत घेण्याऐवजी तो घडवायचेच मनात घेतले. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये तो पुरा केला. त्या कॅमेऱ्यावर केलेली ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन सिनेमात लागली आणि लोकमान्यांनी ती पाहून बाबूरावांची पाठ थोपटली. फिल्म थांबवायची, सरकवायची, पुन्हा त्याच जागी थांबवायची, हे काम करणारी चक्रे आणि आकडे हाताने घासून जुळवणे म्हणजे काय, ते आज तळवड्याच्या एखाद्या शेडमध्ये सुट्या भागांचे माप मायक्रोमीटरवर तपासणारा कारागीर चटकन समजेल. आम्हा लेखणीवाल्यांना ते समजावून घ्यावे लागते.

बोलपट आला आणि मनगटाचे राज्य संपले. आवाजाची फिल्म हळू-जलद धावली तर गायिकेचा षड्ज ढळतो. कान डोळ्याइतका सोशिक नाही. म्हणून अमेरिकेत १९२६-२७ च्या सुमारास सेकंदाला चोवीस चित्रे हा वेग ठरला आणि तो जगाने उचलला. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी आली, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये. चाल सुधारली. आता पाळी प्रतीची होती.

प्रभातने १९३३ मध्ये ‘सैरंध्री’ पुन्हा काढायची, तीही रंगीत, असे ठरवले. रंगीत प्रती काढण्याची सोय देशात नव्हती, तेव्हा शांतारामबापू फिल्म घेऊन जर्मनीला गेले. तिथे आग्फाच्या दुरंगी पद्धतीने छपाई झाली. दोनच रंगांच्या मिश्रणातून सारी सृष्टी रंगवायची म्हणजे कुठे तरी ओढाताण व्हायचीच. मानवी कातडी साधली तर आकाश बिघडते, आकाश साधले तर शालू बिघडतो. रंग भडक आले, मनासारखे उतरले नाहीत, आणि एवढ्या खटाटोपाचे चित्र लोकांना रुचले नाही. बाहेर जाऊन आलेली प्रत फसली. “आमच्याकडे झकास दिसत होते” हे वाक्य तेव्हा कोणी उच्चारले असते तर त्याला नावे ठेवता आली नसती. चार वर्षांनी, १९३७ मध्ये, इंपीरिअलने ‘किसान कन्या’ ही रंगीत फिल्म इथेच तयार केली.

त्याच प्रभातचे बाहेर गेलेले दुसरे चित्र मात्र उजळ माथ्याने परत आले. दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये लागला, वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. तळवड्यापासून हाकेच्या अंतरावरचा देहूचा वाणी इटलीत पोचला. कॅमेरा घडवताना बाबूरावांना हात देणारे ते हेच दामले. चित्र धुण्याची, छापण्याची, आवाज पकडण्याची सारी साखळी त्यांच्या कंपनीच्या स्वतःच्या हातात होती, त्याचे फळ पडद्यावर दिसते. पुण्यातल्या त्या प्रभातनगरीत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली.

मग दूरदर्शन आले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि एक नवाच घोटाळा जन्मला. आपली वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते, म्हणून आपला टीव्ही सेकंदाला पंचवीस चित्रांचा. चित्रपट चोवीसचा. काय करावे? सोपा तोडगा असा की चित्रपट जरासा पळवायचा. दोन तासांच्या चित्रपटातली सुमारे पाच मिनिटे अशी गिळली जातात आणि गाण्याचा स्वर पाऊण पट्टीने चढतो. पांढरी एकमध्ये गायलेले पद जवळजवळ काळी एकच्या उंबऱ्याशी जाते. पेटीवाल्यांनी टीव्हीवरच्या जुन्या गाण्याबरोबर साथ करून पाहावी. बोट कुठल्याच पट्टीवर स्थिर बसत नाही.

अमेरिकेत वीज साठ फेऱ्यांची, टीव्ही सुमारे तीस चित्रांचा आणि रेघाही निराळ्या. आपल्या ६२५, त्यांच्या ५२५. १९८० नंतर ज्यांच्या घरचे मुलगे-मुली तिकडे गेले, त्यांना हे चांगले आठवेल. पुतणीच्या लग्नाची कॅसेट हळदकुंकवाची पुडी बांधून शिकागोला जायची आणि तिकडून पत्र यायचे, “काका, नुसत्या रेघा दिसतात.” मग कॅसेट बदलून देणाऱ्या दुकानाचा शोध. बदलून झाली तरी पंचविसाची तीस करताना दर पाचवे चित्र दोनदा दाखवावे लागे, म्हणजे सेकंदाला पाच ठेचा. नवरी सासरी निघाली ती पाच वेळा अडखळतच.

आता आपला तळवड्याचा घोडा. त्याच्या लंगडण्याचे कारण वरच्या सगळ्या इतिहासात आलेलेच आहे. आधी एक शहानिशा करावी. तीच फाईल दुसऱ्या यंत्रावर लावून पाहावी. तिथे घोडा सरळ चालला तर फाईल निर्दोष आहे, आपला जुना संगणक धापा टाकतो आहे. दोन्हीकडे लंगडला तर एक-एक चित्र पुढे सरकवून पाहावे. ठरावीक अंतराने एखादे चित्र जुळ्यासारखे दोनदा येते किंवा उडी पडते, ती जागा सापडते. घरच्या मोबाइलने तीसच्या वेगाने टिपलेले आणि चित्रीकरणवाल्याने पंचवीसच्या एक्सपोर्टमध्ये घातलेले असते. दर सहावे चित्र गळते. वरताण म्हणजे मोबाइलचा वेग स्वतःच स्थिर नसतो. मांडवात अंधार झाला की तो जास्त प्रकाश मिळवण्यासाठी आपणहून मंदावतो, तेलंगांच्या मनगटासारखाच. अशी फाईल कात्रीखाली घेण्याआधी तिचा वेग एकसारखा करून घ्यावा लागतो; नाहीतर ओठ आधी हलतात आणि मंगलाष्टक नंतर ऐकू येते. सगळ्यांत बरे म्हणजे लग्नाआधीच सर्व कॅमेरे एकाच वेगावर लावायचे आणि एक्सपोर्टही त्याच वेगाने करायचे. आपल्याकडे पंचवीस किंवा पन्नास बरे, कारण दिव्यांची लुकलुक पन्नासाच्या हिशेबाने चालते. तीसवर टिपले तर कधीकधी मांडवभर काळे पट्टे फिरताना दिसतात.

जुन्या टेपवरून उतरवून घेतलेल्या चित्रात हलणाऱ्या हाताच्या कडेला फणीचे दात दिसतात. टीव्हीचे एक चित्र दोन अर्ध्यांत येई, आधी एकाआड एक रेघा, मग उरलेल्या. दोन अर्ध्यांमध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग जातो, तेवढ्यात हात सरकलेला असतो. संगणकाने दोन्ही अर्धे एकत्र चिकटवले की दात फुटतात. ते विलग करून घेण्याची सोय बहुतेक प्रोग्रामांत असते. अर्ध्यांचा क्रम मात्र उलटा धरला तर चित्र मागेपुढे शहारत राहते.

आणि अक्षता. फाईल लहान करण्यासाठी संगणक प्रत्येक चित्र पूर्ण साठवीत नाही. मधूनमधून एक पूर्ण चित्र ठेवतो आणि पुढच्यांत बदल झाला तेवढाच नोंदवतो. गुरुजी पोथी वाचत बसले आहेत, तोवर बदल थोडा, शिधा पुरतो. “सावधान” म्हणताच शेकडो दाणे शेकडो वाटांनी उडतात, हात वर जातात, सगळेच बदलते. आणि दर सेकंदाचा शिधा, ज्याला बिटरेट म्हणतात, तो तेवढाच. मग संगणक चेहऱ्यांत काटकसर करतो. उपाय सरळ आहे. बिटरेट वाढवावा, किंवा जिथे हालचाल जास्त तिथे जास्त खर्चण्याची मुभा द्यावी. फाईल मोठी झाली तर होऊ द्यावी. मोबाइलवरून निरोपासारखी पाठवलेली फीत वाटेत आणखी एकदा दाबली जाते, तेव्हा शिकागोच्या काकूंना मूळ फाईलच पाठवावी आणि कॅमेऱ्यातली कच्ची चित्रे लगेच पुसू नयेत. एकदा दाबून गेलेला चेहरा नंतर कितीही मोठा केला तरी परत येत नाही.

जुन्या चित्रांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी अवघड आहे. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले आणि पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रांचे उरलेसुरले तुकडे जमवले. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’चा त्यांत बराच भाग आहे. आजच्या यंत्रांना हवे असलेले वेग चोवीस-पंचवीसचे. सोळाची चोवीस करायची तर दर दुसरे चित्र दोनदा दाखवायचे. निदान ठेका तरी समान राहतो. सोळाची पंचवीस करताना तोही राहत नाही. अलीकडे संगणक दोन चित्रांच्या मधले तिसरे चित्र कल्पनेने रेखाटतो. इंग्लंडच्या पहिल्या महायुद्धाच्या फितींवर पीटर जॅक्सन यांनी २०१८ मध्ये असे करून दाखवले, आणि शंभर वर्षांपूर्वीचे शिपाई माणसांसारखे चालू लागले. काम विलक्षण. पण मधली ती चित्रे कोणत्याही कॅमेऱ्याने घेतलेली नाहीत, हे प्रेक्षकाला सांगितले पाहिजे, आणि मूळ फीत आहे तशी जपली पाहिजे.

मग मूळ वेग ओळखायचा कसा? फितीवर तो लिहिलेला नसतो. माणसाच्या चालण्यावर विसंबता येत नाही. कोणी हळू चालतो, कोणी भरभर. पडणाऱ्या वस्तूवर मात्र विसंबता येते. सोळा फुटांवरून सोडलेला दगड फाळक्यांच्या वेळीही एका सेकंदात जमिनीला टेकत होता. चित्रात त्याला सोळा चौकटी लागल्या तर वेग सोळाचा, वीस लागल्या तर विसाचा. ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची लहानगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे, आणि त्यात पाण्यातली दृश्ये आहेत. तिने डोहात उडी घेतली की उडालेले पाणी किती चौकटींत खाली येते, ते मोजायचे.